अक्कांच्या हातांविषयी खरं सांगायचं तर

गेले बारा दिवस समोरच्या घरातून रोज सकाळी ओवा आणि बाळंतशेपांची धुरी येते आहे. मी गॅलरीत चहा घेऊन बसतो तेव्हाच तिकडे बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची वेळ होते, आणि तो कडवट-गोडसर, थोडा ठसका आणणारा धूर रस्ता ओलांडून माझ्या कपापर्यंत येतो. आमच्या कॉलनीत हा वास बऱ्याच वर्षांनी आला. इथली मुलं पुण्याला, बंगळूरला गेली. त्यांची बाळं तिकडच्या दवाखान्यांत जन्मली आणि आम्हाला फोनवर दिसली. त्यामुळे पहिल्या दिवशी या धुराचं मला कोण कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याच्या पाठोपाठ एक आठवण यायला लागली. तिला मी आजवर दारातूनच वाटेला लावत आलो होतो. काल बारसं झालं आणि ती आत येऊन बसूनच राहिली.

बारशाला आम्ही म्हातारे पुरुष बाहेर मांडवात होतो. हातात घुगऱ्यांचा द्रोण, समोर लहान मुलांचा गोंधळ. मी दाराच्या तोंडाशीच बसलो होतो, म्हणून आतलं दिसत होतं. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरायला लागलं. पुढच्याच खुर्चीत अक्का बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, नऊवारी नेसलेलं, पाठ अजून ताठ. बाळ जवळ आलं तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात बाळाची आई लगबगीनं उठली आणि म्हणाली, "अक्का, असू दे. तुमचे हात दुखतात ना? तुम्ही नुसता आशीर्वाद द्या." मुलगी वाईट नाही. अगदी काळजीनं म्हणाली. अक्कांचे हात क्षणभर तसेच हवेत राहिले, मग त्यांनी ते पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "व्हय बाई. सांभाळ." बाळ पुढच्या मांडीवर गेलं. मी द्रोण खाली ठेवला. कारण 'अक्कांचे हात दुखतात' हे वाक्य त्या मुलीचं नव्हतं. ते माझं होतं. सहा वर्षांपूर्वी मी ते या कॉलनीत सोडलं, आणि ते खोटं होतं.

अक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. माहेर कागलच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तेच नाव इथे सासरीही राहिलं आणि पुढे सगळ्या कॉलनीनं उचललं. यजमान एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, ते जाऊन फार वर्षं झाली. थोरला मुलगा फौंड्रीत सुपरवायझर होता. तो सातव्या महिन्यात जन्मला, माहेरी, मुसळधार पावसात. घरात बाळाच्या अंगावर घालायला ऊबदार असं काही नव्हतं, तेव्हा अक्कांच्या वडिलांनी डोक्याचा पटका सोडला आणि त्यात ते मूठभर पोर गुंडाळून चुलीशी धरलं. ही गोष्ट अक्का सांगायच्या तेव्हा ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी त्या म्हणायच्या, "आन आता बघा की त्येला. बाजारातलं एक हेल्मेट डोस्क्याला बसंना!" मुलगा शेजारी बसलेला असला तर मिशीतल्या मिशीत हसायचा. पण त्या पावसापासून अक्कांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती, की जन्मलेल्या पोराच्या डोक्यावर काहीतरी ऊबदार पाहिजे, आणि ते वेळेला पाहिजे. एस.टी. क्वार्टर्समध्ये शेजारी एक नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडून त्या विणायला शिकल्या आणि सरकारी दवाखान्यातल्या बाळांसाठी टोपडी विणायला लागल्या. हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललं.

ज्यांनी त्यांना विणताना पाहिलं नाही, त्यांना मी काय सांगू? हातांकडे त्या बघतच नसत. बघायच्या ते रस्त्याकडे, भाजीवाल्याकडे, आमच्या तोंडाकडे. सुयांचा बारीक टकटकाट चालू, लोकरीचा गुंडा मांडीवर उड्या मारतोय, आणि तोंडानं कुणाला तरी झापणं चालू. पूर्ण दिवसांच्या बाळाचं टोपडं त्या बिनशेंडीच्या लहान नारळावर चढवून बघायच्या, आणि वेळेआधी आलेल्याचं मोसंब्यावर. गल्लीतले लोक थट्टा करायचे, "अक्का नारळाला टोपडं घालतीया, उद्या कुंकूबी लावंल!" त्या म्हणायच्या, "तुझ्या डोस्क्यापरीस नारळ बरा, त्यात पाणी तरी असतंय." मोसंब्यावर टोपडं चढवताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. एवढ्याशा डोक्याचं माणूस असतं, हे त्या मोसंब्याकडे बघून पटत नसे, आणि त्यांना ते रोज नव्यानं पटवून घ्यावं लागे असं मला वाटायचं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि दुपारी करायला काही उरलं नाही. तेव्हा अक्काच म्हणाल्या, "दादा, नुसता बसून गंजशील. माझी टोपडी तेवढी दवाखान्यात पोचवत जा." मी त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. त्या मला दादा म्हणत आणि अरेतुरे करत, आणि त्यात मला सुख होतं. दर शनिवारी स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून मी प्रसूती वॉर्डात जायचो. सिस्टर म्हणायच्या, "टोपडीवाले काका आले." आयुष्यभर ऑफिसात मी आलो म्हणून कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. इथे बाळंतिणींच्या सासवा माझ्या पायाला हात लावायच्या. टोपडं विणलं कुणी आणि पाया पडतंय कोण, हे कळत असूनही मी पाय मागे घेत नसे.

परत आलो की अक्का वाटच बघत असायच्या. "कुणाला बसली रं?" हा पहिला प्रश्न. त्यांना नुसतं 'दिली' चालत नसे. मुलगा की मुलगी, गाव कुठलं, वजन किती, आई धडधाकट आहे का, सगळं पाहिजे. राधानगरीकडून पावसात जीपमधून आणलेली बाई, तिची जुळी. गगनबावड्याच्या बाजूची पहिलटकरीण. मी वॉर्डात विचारून घ्यायचो आणि येऊन सांगायचो. मग त्या पुढचं टोपडं सुरू करायच्या. त्या म्हणायच्या की डोळ्यांपुढे पोर असल्याशिवाय त्यांचा टाकाच पडत नाही. मला ती बोलायची रीत वाटली. त्यांची काम करायची पद्धतच ती होती, हे मला फार उशिरा कळलं.

असंच दहा-बारा वर्षं चाललं. मग एका शनिवारी नव्या सिस्टरनी मला टेबलाशी बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आता बाहेरचं लोकरीचं काही वॉर्डात घेत नाहीत. निर्जंतुक केलेले, सीलबंद कपडेच वापरतात. त्यांचं बोलणं रास्त होतं. मी पिशवी तशीच घेऊन परत निघालो. वाटेत ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण अक्का फाटकात उभ्या होत्या, आणि त्यांनी विचारलं, "कुणाला बसली रं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "शाहूवाडीकडची एक मुलगी. सातव्या महिन्याची."

त्यांचं मन मोडू नये म्हणून मी तसं बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. त्यात थोडं खरंही आहे. पण आता या वयात लपवाछपवी कशाला? मला शनिवार सोडायचा नव्हता. मी 'टोपडीवाले काका' राहायला पाहिजे होतो. दवाखान्यात नाही तर निदान गल्लीत.

त्यानंतर सव्वा वर्ष मी दर शनिवारी स्कूटर काढायचो, रंकाळ्यावर जाऊन तासभर बसायचो, आणि घरी येऊन टोपडी माळ्यावरच्या ट्रंकेत टाकायचो. ट्रंक पहिल्यांदा पत्नीच्या नजरेला पडली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सांगणार की मी सांगू?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. अक्कांसाठी मी दर शनिवारी बाळं तयार करत होतो. पण शाहूवाडीच्या त्या मुलीला त्या विसरेनात. "ती आली का दाखवायला? वजन वाढलं का? दूध वढतीया का?" मी तिचं वजन वाढवलं. तिला पालथी पडायला लावलं, रांगायला लावलं. एकदा तिला ताप आणला, आणि अक्कांचा चेहरा बघून दोनच दिवसांत उतरवला. त्यांनी तिच्यासाठी मोठं टोपडं विणलं, मग मोजे, मग पिवळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. तो चांगला गळ्यापर्यंत आला तेव्हा म्हणाल्या, "हा मात्र मीच नेणार. एकदा बघू तरी दे ती पोर." मी म्हटलं, रस्ता फार खराब आहे. दोन आठवड्यांनी म्हटलं, ती लोकं मामाकडे गेलीत.

एका दुपारी मी पेपर वाचत होतो, तेव्हा फाटक वाजलं. अक्का आल्या. चपला काढल्या आणि खुर्चीवर न बसता उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. हातात पिशवी होती.

"काय पावणं, हायसा का घरात?"

अनोळखी माणसाला आमच्याकडे पावणं म्हणतात. मी उठून उभा राहिलो.

"दवाखान्यात जाऊन आलो," त्या म्हणाल्या. "पोरीच्या आईला चोळखण घेतला, पोरीला स्वेटर घेतला, म्हटलं पत्ता तरी इचारावा. सिस्टर म्हणली, आजी, हितं वरीस झालं बाहेरची टोपडी घेत न्हाईत." मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "टोपडी कुठं हायती?"

माझ्याआधी पत्नीनंच उत्तर दिलं, "माळ्यावर." तिनंच स्टूल ओढून आणलं. मी ट्रंक खाली काढली. अक्का जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि एकेक टोपडं हातात घेऊ लागल्या. उलटं करायच्या, दोन बोटांवर ताणायच्या, उजेडाला धरायच्या. मला वाटलं, मायेनं बघताहेत. पण त्यांनी एक टोपडं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "ह्यात चूक काढा."

"अक्का, चूक कुठली?"

"बरं, मग ह्यात काढा." दुसरं पुढे आलं. मग तिसरं. चौथं हातात आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना वाटत होतं की त्यांचे हात बिघडले, वीण सैल पडायला लागली, म्हणून दवाखान्यानं टोपडी नाकारली आणि मी ते झाकून ठेवलं. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. नियम, सीलबंद कपडे, सिस्टर.

"म्हंजे माझं हात बरं हायत?"

"पहिल्यासारखे."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग चढ्या आवाजात म्हणाल्या, "मग तसं यिऊन सांगायचं हुतं की! मी काय रडत बसलो असतो व्हय? दवाखाना न्हाय तर दुसरीकडं दिली असती. हितं काय पोरांचा दुष्काळ पडलाय? मला खरी पोरं पायजे हुती, तुमी बाहुल्या दिल्यासा." पिशवीतला पिवळा स्वेटर त्यांनी काढला, घडी मोडली, परत घातली. "आन ती पोर? झालीच न्हाय म्हणा."

मी मानेनंच हो म्हटलं.

"दर अवसंला मीठ-मोहऱ्या घिऊन तिची दृष्ट काढत हुतो मी, पावणं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

चार दिवसांनी निरोप आला, ट्रंक घेऊन या. उसाचा हंगाम चालू होता. अक्का, पत्नी आणि मी एक रिक्षा करून कागलच्या रस्त्याला लागलो. तिथे फडाच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या, वारा आरपार जाणाऱ्या. बाया तोडणीला गेलेल्या, काही लेकुरवाळ्या मागे राहिलेल्या. अक्कांनी एकही टोपडं कुणाच्या हातात दिलं नाही. प्रत्येक बाळ मांडीवर घेतलं, नाव विचारलं, टोपडं स्वतः घातलं, बंद बांधला आणि थोडा वेळ नुसतं त्या तोंडाकडे बघितलं. एक बाई भीत भीत म्हणाली, "आजी, ह्येचं काय द्यायचं?" अक्का म्हणाल्या, "पोराला न्हाऊ घालत जा. बघ मान कशी काळी झालीया!" सगळ्याजणी हसल्या. वर्षा-सव्वा वर्षाची एक मुलगी धुळीत बसून उसाचं कांडं चोखत होती. अक्कांनी तिला जवळ ओढलं आणि पिवळा स्वेटर अंगात घातला. बाह्या चांगल्या चार बोटं लांब झाल्या. त्यांनी त्या दुमडल्या, एकदा, दोनदा. मुलीचे चिकट हात त्यांच्या गालाला लागले. मी तोंड फिरवलं.

परत येताना मी धीर करून म्हटलं, "अक्का, दर हंगामात इथे येत जाऊ." त्या रिक्षाबाहेर बघत होत्या. "न्हाय दादा. आता बास. ही शेवटची." मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "सुई हातात धरली की डोळ्यांपुढं पोर याया पायजे. चार दिस झालं, सुई धरली की तुझंच त्वांड दिसतंय." त्यांनी पुन्हा दादा म्हटलं, तू म्हटलं, याचा आनंद मानावा की त्या वाक्यानं जमिनीत गाडून घ्यावं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

कॉलनीत सगळे विचारू लागले, अक्कांनी विणायचं का सोडलं? मी म्हणालो, हात दुखतात, वय झालं. गणपतीत त्यांचा सत्कार झाला, आणि भाषण मलाच करायला सांगितलं. मी थकलेल्या हातांवर चांगलं दहा मिनिटं बोललो. लोकांनी डोळे पुसले. ज्या हातांचा त्यांना अभिमान होता, ज्यांच्यात चूक काढा म्हणून त्यांनी मला टोपडं टोपडं दाखवलं होतं, तेच हात मी भर मांडवात निकामी ठरवले, आणि त्या माझ्यापासून हातभर अंतरावर शाल पांघरून बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर मी संपलो असतो. माईक त्यांच्या हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "व्हय. वापरलं की झिजतंयच." आणि खाली बसल्या. त्यानंतर सहा वर्षं जो विचारेल त्याला त्यांनी हेच सांगितलं. माझी लाज त्यांनी आपल्या हातांनी झाकली. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली, आजारपणात तिनं मला एकदा म्हटलं होतं, "तेवढं अक्कांच्या हातांचं निस्तरा." मी हो म्हटलं होतं.

आज सकाळी चहा तसाच टाकला आणि समोरच्या घरी गेलो. बाळाची आई आणि तिची सासू दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं, माळ्यापासून मांडवापर्यंत. ती मुलगी ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. शेवटी म्हणाली, "काका, काल मी चारचौघांत त्यांना बाळ घेऊ दिलं नाही. तुम्ही तिथेच होतात. तेव्हाच का नाही बोललात?" मी तसाच उठून अक्कांकडे गेलो आणि सांगून आलो म्हणून सांगितलं.

"सगळं सांगितलंस? माळ्यावरचंबी?"

"हो."

"आन त्या पोरीचं?"

"तिचंही."

"मग आता गल्लीत तुला कोण च्या पाजत न्हाय बघ," असं म्हणून त्या खुदकन हसल्या. मी म्हटलं, लिहूनही ठेवतो. "लिव्ह. नाव नगं घालूस कुणाचं. हात बरं हुतं येवढं लिव्ह. आन सोडलं ते माझं मी सोडलं, त्येबी लिव्ह." मी विचारलं, पुन्हा सुया घ्याल का? "न्हाय," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखादं काम पुरं करून हात धुतल्यावर माणूस जसं बोलतं, तसं त्या बोलल्या.

म्हणून लिहिलं. हात बरे होते, आजही आहेत. त्यांनी विणायचं सोडलं ते त्यांच्या मर्जीनं, आणि त्याला कारण मी झालो.

टोपडं ही मोठी वेगळी वस्तू आहे. ते लहान व्हावं याच आशेनं विणायचं असतं. तीन महिन्यांत ते डोक्याला बसेनासं झालं की विणणारीचं काम फत्ते झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं अक्कांनी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या हातचं एकही टोपडं आज त्याच्या मालकाला बसणार नाही, आणि त्यांना हेच हवं होतं. उसाच्या फडातल्या त्या मुलीच्या दुमडलेल्या बाह्या केव्हाच सुटल्या असतील, पुढच्या हंगामात बरोबर झाल्या असतील, त्याच्या पुढच्यात आखूड. आता ती कुठल्या तरी गावात दप्तर घेऊन शाळेत जात असेल. तो पिवळा स्वेटर तिला आठवत नसणार. अक्का आम्हाला नेहमी म्हणायच्या की पोरांनी टोपडी आठवायची नसतात, वाढायचं असतं.